मागचं बघायचं नाही

लोकांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं. आमच्या सरांच्या खिशाला कात्री असायची. बोटभर लांबीची, गोल टोकाची, काळ्या मुठीची. समोरच्याच्या हातात लग्नपत्रिका दिसली की सरांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. समोरच्याला वाटायचं, सर वाचायला चष्मा काढताहेत. बिचारा.

कारण सर पत्रिका वाचत नसत. ऐकत. पत्रिका कानाजवळ धरायची आणि तिच्या कोपऱ्यावर नखाने टिचकी मारायची. ‘फस्’ असा आवाज आला तर पत्रिका रद्दीत. ‘टक्’ असा आला, की सरांचे डोळे मिटायचे, गवयाचा सूर लागल्यावर मिटतात तसे. “व्वा! काय कागद आहे!” मग पत्रिका उलटून ते तिची कोरी बाजू न्याहाळत बसायचे. वधू कोण, वर कोण, मुहूर्त कधीचा, हे खातं वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. वहिनी पत्रिका वाचायच्या, कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करायच्या, आणि मगच कात्रीला परवानगी मिळायची.

“मजकुरात काय ठेवलंय?” सर म्हणायचे. “सगळ्या पत्रिकांत एकच असतो. फरक असतो तो कागदात.”

हे वाक्य लक्षात ठेवा. ह्या वाक्याने पुढे एका घरातली मासळी बंद पाडली.

सरांनी पनवेलच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली. मीही त्यांच्या हाताखालून गेलेला. माझ्या हत्तीखाली त्यांनी लाल पेन्सिलीने शेरा मारला होता, ‘बटाटा उत्तम. सोंड अनावश्यक.’ पुढे मी चित्रांचा नाद सोडून तोंडाच्या बळावर समारंभांची सूत्रसंचालनं करू लागलो, त्याचं सगळं श्रेय सर त्या शेऱ्याला देत.

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असायचा: “उजेड कुठून येतोय?” वहिनींनी खालच्या मजल्यावरचं भांडण अगदी हावभावांसकट सांगितलं, तरी सर म्हणणार, “ते सगळं ठीक, पण उजेड कुठून येत होता?” सोसायटीच्या सभेत एकदा सेक्रेटरी टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब समजावत होते. सर शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, “तुमच्या बोलण्यात सावली दोन बाजूंना पडतेय.” सेक्रेटरी खाली बसले ते त्या सभेत पुन्हा उठलेच नाहीत.

आता गंमत ऐका. एवढा माणूस, पण त्यांना स्वतःला माणूस काढता यायचा नाही. मासा काढला तर वास यावा, बगळा काढला तर ‘हुश्’ करून उडवावंसं वाटावं. पण माणूस काढायला घेतला की त्याला हटकून शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांचं तोंड यायचं. राजा काढा, चोर काढा, नवी नवरी काढा, तेच खोल गेलेले डोळे आणि तीच रजा नाकारणारी हनुवटी. “काय करू?” सर हताश होऊन म्हणायचे. “तीस वर्षं समोर तेच होतं.”

ह्या सगळ्याचा आमच्या खेळाशी संबंध आहे.

सरांच्या मुलाने एकदा परदेशातून एक खेळ आणला. गोष्टी सांगायच्या पत्त्यांचा. प्रत्येकाने हातातला एकेक पत्ता टाकायचा, पत्त्यावरची वस्तू गोष्टीत आणायची आणि गोष्ट पुढे न्यायची. चित्रं झकास होती: किल्ले, ड्रॅगन, तलवारी, बर्फातल्या राजकन्या. सरांनी सगळे पत्ते गॅलरीत मांडले आणि आम्हाला विचारलं, “ह्यातलं पनवेलात काय मिळतं?”

“चेटकीण,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “दुसऱ्या मजल्यावर.”

त्याच आठवड्यात सरांनी आमची गड्डी बनवायला घेतली. कागद कुठला? अहो, आमच्याकडे जमिनींना भाव आल्यापासून गव्हाणपासून द्रोणागिरीपर्यंत जी लग्नं होतात त्यांच्या पत्रिका उचलायला दोन हात लागतात. मखमली पेटी, आत सोनेरी अक्षरं, मोर, गणपती, आणि मागे पांढरीशुभ्र कोरी बाजू. सरांनी त्या कोऱ्या बाजूंवर आमचं जग काढलं: खाडी, मिठागर, कंटेनरचा ट्रेलर, बिल्डर, विहीर, एसटी, पाहुणा, सासू, चोर. राजा एक ठेवला. “राजा लागतोच,” सर म्हणाले, “नाही तर लुटायचं कुणाला?” विमानही काढलं होतं, आणि त्याला खास नियम होता: गोष्टीत ‘विमान येणार’ म्हणायचं, ‘आलं’ म्हणायचं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी सर मुलाकडे नाशिकला राहायला गेले आणि मग आमच्या डोक्यावरून खरी विमानं जाऊ लागली. आम्ही फोन करून विचारलं, नियम बदलायचा का? सर म्हणाले, “चित्रातलं उडालंय का? मग राहू दे.”

खेळ सोपा होता. प्रत्येकाला सहा पत्ते, आणि एक शेवटाचा पत्ता. शेवटाच्या पत्त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात गोष्टीचं अखेरचं वाक्य. ‘म्हणून त्या विहिरीचं पाणी आजही खारट आहे.’ किंवा, ‘आणि जागा शेवटी कुणालाच मिळाली नाही.’ एकाने गोष्ट सुरू करायची. बोलता बोलता त्याच्या तोंडून दुसऱ्याच्या हातातली वस्तू निघाली, की त्या दुसऱ्याने “माझं!” म्हणून पत्ता आपटायचा आणि गोष्ट ताब्यात घ्यायची. पहिल्याने अर्ध्या शब्दात थांबायचं. जो हात रिकामा करून गोष्ट आपल्या शेवटाला नेईल तो जिंकला.

आम्ही खेळणारे चौघे. सर, मी, नजीरभाई आणि हिराशेठ. नजीरभाईंनी कुवेतमध्ये आयुष्य काढलं आणि आता बाजारात त्यांचं काचसामानाचं दुकान आहे. माणूस लाख मोलाचा, पण गोष्ट त्यांच्या हातात गेली की वाळवंटात जायची. सासू असो, एसटी असो, मिठागर असो. दोन वाक्यांत वाळू, तिसऱ्यात उंट. हिराशेठ गव्हाणचे. बापजाद्यांची मिठागरं होती. आता न्हावा शेव्याच्या बंदरावर त्यांचे ट्रेलर चालतात. आवाज असा की गॅलरीत बोलले तर तळ्याकाठचे बगळे उडावेत.

तर गड्डी तयार झाली, आम्ही खेळायला बसलो, आणि पहिल्याच डावात घोटाळा लक्षात आला. पत्ते पत्रिकांतून कापलेले, त्यामुळे प्रत्येकाची मागची बाजू निराळी! एकावर गणपतीची अर्धी सोंड, एकावर मोराचा पाय, एकावर नुसतंच ‘स्नेहभोजन सायं’. दुसऱ्या डावापर्यंत आम्हाला पाठ झालं, की सोंडेमागे खाडी असते आणि मोराच्या पायामागे सासू. कुणाच्या हातात काय आहे हे समोरून वाचता येत होतं.

सरांनी दोन मिनिटं विचार केला आणि फर्मान काढलं: “मागचं बघायचं नाही. शब्द द्या.”

आम्ही शब्द दिला. नजीरभाईंनी दिला, मी दिला, आणि दोघंही पहिल्या दिवसापासून बिनदिक्कत बघत होतो. सरही बघत. बघायचं आणि न बघितल्याचं नाटक करायचं, हाच खरा खेळ होऊन बसला. फक्त हिराशेठ बघत नसत. खरोखर. पत्ते वाटताना ते छताकडे तोंड करायचे. समोरच्याच्या हातांकडे नजर गेली तर जीभ चावून कानाची पाळी धरायचे. त्यामुळे ते बहुतेक वेळा हरायचे आणि दर वेळी खूश असायचे. “शब्द दिला म्हंजे दिला,” म्हणायचे. “हरलो तं हरलो.”

अशा माणसाच्या मुलीचं लग्न निघालं.

लग्नाच्या गडबडीत महिनाभर खेळ बंद होता. हिराशेठनी पत्रिका वाटायचं काम मेव्हण्याकडे दिलं. मेव्हणा म्हणजे शेठाणीचा सख्खा भाऊ, बाळाराम. अतिशय भला माणूस, पांढऱ्या शर्टावर डाग पडू न देणारा. तो सरांच्या घरी आला तेव्हा वहिनी बहिणीकडे अलिबागला गेल्या होत्या. बाळारामने पेटी सरांच्या हातात ठेवली, पाणी प्यायला, म्हणाला, “शेठनं खास निरोप दिलाय, हलदीला यायचंच.” सर “हो, हो” म्हणाले आणि त्यांनी टिचकी मारली.

टक्!

सर पुढे सांगायचे, तसला आवाज त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. बाळाराम जिना उतरेपर्यंत कात्री बाहेर आली होती. आणि त्या पत्रिकेच्या सगळ्यात जाड पानावर सरांनी आयुष्यातलं सर्वोत्तम चित्र काढलं: जिताडा. खाडीचा, चांगला हातभर, खवल्यांवर पाणी निथळणारा. उजेड बरोबर डावीकडून.

हळद झाली. लग्न झालं. नजीरभाई आणि मी गव्हाणला मुक्कामालाच होतो. सर का आले नाहीत म्हणून फोन करत होतो. पण सरांचा फोन वहिनी घरात असल्या तरच चार्ज होतो. आमच्या मनात आलं, आजारी असतील.

नंतरच्या रविवारी हिराशेठ सरांच्या दारात उभे राहिले. चपला न काढता.

“सर, तुमी नाय आलात.”

सर गडबडले. नजीरभाई आणि मी समोरच बसलो होतो, त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होताना बघितल्या. आणि मग सरांच्या तोंडून निघालं, “अहो… पत्रिकाच मिळाली नाही.”

आता दुसरा कुणीही भांडला असता. हिराशेठचा चेहराच उतरला. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि सरांसमोर हात जोडले. “माफ करा सर. आमच्या घराकडून चूक झाली. मी तुमच्यासाठी हलदीला जिताड्याचं डोकं काढून ठेवलं व्हतं. कोनाला हात लावू दिला नाय. शेवटी, तुमी येत नाय म्हनून, ह्या बाळारामनंच खाल्लं!” मग त्यांना सगळाच उलगडा झाल्यासारखं वाटलं. “पत्रिका पन दिली नाय, आनि डोकं पन खाल्लं!”

त्यांच्याकडे जिताड्याचं डोकं म्हणजे मानाचा घास. पंगतीत ते कुणाच्या ताटात जातं ह्यावरून त्या माणसाची किंमत कळते. बाळारामची किंमत त्या क्षणी तळाला गेली.

हिराशेठ गेल्यावर सरांनी आम्हाला गड्डीतला नवा पत्ता दाखवला. पुढे जिताडा. मागे सोनेरी अक्षरांत ‘चि. सौ. कां. रूपा’, आणि तिथे कात्री फिरलेली.

“या अल्ला,” नजीरभाई म्हणाले.

“काढून टाका तो पत्ता,” मी म्हणालो.

“हा?” सरांनी जिताडा छातीशी धरला. “बाकीचे सगळे काढा. हा नाही.”

वहिनी अलिबागहून आल्यावर त्यांना सगळं कळलं. त्या म्हणाल्या, “मागे कागद चिकटवा.”

“मग तो खूण केलेला पत्ता होईल. फसवणूक होईल ती!”

“अहो, त्या माणसाला तोंडावर थाप मारलीत!”

“ती घरात मारली. गड्डीत फसवणूक चालणार नाही.”

आणि इथून आमचे हाल सुरू झाले. कारण हिराशेठना गड्डीत सगळ्यात जास्त आवडायचा तो तोच पत्ता. “जिताडा कुठं हाय? दाखवा जरा,” म्हणून डाव सुरू होण्याआधी मागून घ्यायचे, डोळ्यांसमोर धरून बघत बसायचे. “सर, ह्याला आता मीठ-हलद लावा.” त्या वेळी पत्त्याची पाठ आमच्याकडे असायची आणि आम्हा तिघांना त्यांच्या मुलीचं अर्धं नाव दिसत असायचं. त्यांनी पत्ता नुसता उलटला असता तरी खेळ खलास. पण ते उलटत नसत. शब्द दिला होता ना! माणसाचा प्रामाणिकपणाच आमची अब्रू राखत होता, आणि तेच बघवत नव्हतं.

तिकडे बाळारामशी बोलणं बंद झालं. तो शपथा घेऊन सांगत होता, “भावोजी, सरांच्या हातात दिली.” हिराशेठचं उत्तर ठरलेलं: “सर खोटं बोलतील? मास्तर मानूस!”

वर्ष गेलं. हिराशेठना नातू झाला. एका रविवारी ते खेळायला आले ते सुकलेल्या तोंडाने.

“पुढल्या महिन्यात बारसं हाय. मी सांगितलं, बाळारामला बोलावनार नाय. तं मंडळींनी घरात मासली बंद केली. कोलंबी नाय, सुकट नाय. रोज दुधी! बोलते, माझा भाव पंगतीला बसल तवाच चुलीवर मासली चढल.” त्यांचा आवाज प्रथमच हळू झाला होता. “पोरीचा मामा हाय तो. पन ज्याला साधी पत्रिका देता येत नाय, त्याला पंगतीला कसा बसवू? तुमीच सांगा सर. तुमचा अपमान हाय.”

सरांनी खिशातली कात्री चाचपली.

हिराशेठ गेल्यावर नजीरभाईंनी पत्ते खाली ठेवले. “सर, थाप होती तवर ठीक. आता गुनाह झाला. दुसऱ्याच्या गर्दनवर बसलाय तुमचा गुनाह.”

“सांगणार आहे मी.”

“कधी?”

“योग्य उजेड पडला की.”

“बत्ती लावू?” वहिनी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी उजेड पडला. म्हणजे सरांनी तसं ठरवलं. तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून गोष्टीतून सांगायचं. आम्हाला आधीच बजावलं होतं: मध्ये अडवू नका. हिराशेठना कोण बजावणार?

डाव वाटला. हिराशेठ छताकडे बघत होते. सरांनी चोर टाकला. हेडमास्तरांचं तोंड, काळा सदरा.

“एका गावात एक चोर होता,” सर म्हणाले. “तो दागिने चोरत नसे. तो कागद चोरत असे. एके दिवशी त्याच्या दाराशी एक भला माणूस आला. पाहुणा म्हणून आला…”

“माझं!” हिराशेठनी पाहुणा आपटला. कप हलले. “तं तो पाहुना तिथनं निघाला, आनि बसला एका ट्रेलरवर. ट्रेलर चालला न्हावा शेव्याला. मधी फाट्यावर ही एवढी लाईन…”

ट्रेलर नजीरभाईंच्या हातात होता. गोष्ट वाचवावी म्हणून त्यांनी तो टाकला. “माझं! आणि ट्रेलर वळला. सीधा परत त्या चोराच्या घराकडे निघाला. पन रस्त्यात… रस्त्यात…” नजीरभाईंच्या कपाळावर घाम आला. ते स्वतःशी झगडत होते हे दिसत होतं. “रस्त्यात वाळू लागली.”

“नजीरभाई!” मी ओरडलो.

“काय करू? लागली!”

उंट दिसायच्या आत मी गोष्ट हिसकावली. माझ्याकडे एसटी होती, आणि त्यांनी एसटी म्हटलंही नव्हतं. पण हिराशेठ वाळूत रमले होते. सरांच्या हातातल्या एका पत्त्यामागे अर्धा कलश होता. म्हणजे विहीर. मी चोराला एसटीत घातला आणि थेट विहिरीकाठी उतरवला.

“माझं,” सर पुटपुटले. विहीर खाली ठेवली. “त्या विहिरीकाठी चोर रडत बसला. कारण त्याने थाप मारली होती. आणि त्या थापेपायी एका निरपराध माणसाचं…”

“सासू!” हिराशेठ गरजले. डोळे चमकत होते. “माझं! माझ्याकडं सासू हाय!”

“मी सासू म्हटलंच नाही.”

“म्हननार व्हता. तोंडावर दिसतंय तुमच्या.”

“अहो, सांगून टाका एकदाचं!” वहिनींना राहवेना. त्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

“वयनी, मधी बोलू नका. नियम हाय.”

सरांनी डोळे मिटले. मग हातातला एक पत्ता काढला आणि हिराशेठसमोर ठेवला. उलटा. सोनेरी बाजू वर.

हिराशेठनी झटकन मान फिरवली. “सर, पालथा पडला. सुलटा करा.”

“हिराशेठ, बघा.”

“नाय.”

“मी सांगतोय, मागे बघा.”

“मागचं बघायचं नाय. तुमीच शब्द घेतलाय.” त्यांनी चक्क डोळ्यांवर हात धरले. “ह्ये दोघं बघतात, मना म्हाईत हाय. तुमी पन बघता. मी काय येडा हाय? पन मी नाय बघत. तुमाला शब्द दिलाय.”

नजीरभाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले आणि मी हातातले पत्ते खाली ठेवले.

“तुमचा शब्द तुम्हाला परत,” सर म्हणाले. “मला तो ठेवून घ्यायचा हक्क नाही.”

हिराशेठनी आधी एका डोळ्यावरचा हात काढला. मग दुसऱ्या. पत्ता उचलला, लांब धरला, जवळ धरला. सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“ही आमची पत्रिका.”

“बाळारामने माझ्या हातात दिली,” सर म्हणाले. “पाणी प्यायला. हळदीला या म्हणाला. मी ऐकलं नाही. मी कागद ऐकत होतो. चूक माझी, आणि थापही माझीच. मला माफ करा.”

हिराशेठनी पत्ता सुलटा केला. जिताड्याकडे बराच वेळ बघितलं. मग उलटा केला. पुन्हा सुलटा.

“ह्याचंच डोकं खाल्लं म्हनून मी त्याला वरीसभर उंबऱ्याला पाय लावू दिला नाय,” ते एवढंच म्हणाले, जिताडा शर्टाच्या खिशात घातला आणि जिना उतरून गेले.

सर तसेच बसून राहिले. डाव मांडलेला, विहीर उघडी. “गेला,” ते म्हणाले. “आता नाही यायचा तो.”

नजीरभाई दारापर्यंत जाऊन आले. त्यांचा चेहरा उजळला होता. “येनार सर. माझ्या चपला घालून गेलाय.”

“म्हणजे?”

“कुवेतच्या आहेत. मी सोडनार नाय, आणि तो दुसऱ्याची वस्तू ठेवनार नाय.”

तो आठवडा सरांनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. वहिनी सांगत होत्या, कुणाची तरी पत्रिका आली तर सरांनी ती पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचून काढली आणि मग कॅलेंडरवर स्वतः गोल केला. चुकीच्या महिन्यात.

रविवारी बेल वाजली. दारात बाळाराम. पांढरा शर्ट, हातात बारशाची पत्रिका.

“सर, तुमी वाचा,” तो खुर्ची ओढून बसला. “मी ऐकतो.”

सरांनी पत्रिका घेतली. सवयीने हात कानाकडे गेला. बाळाराम शांतपणे म्हणाला, “वाजवा, वाजवा. कसा हाय आवाज?”

“बरा आहे.”

“आता मागं बघा.”

सरांनी उलटून बघितलं. मागची बाजू शिगोशीग भरलेली! आजोबा, पणजोबा, चुलते, आत्या, मावश्या, भावकी, आणि उरलेल्या जागेत हिराशेठच्या ट्रेलरवरच्या ड्रायव्हरांची नावं. नखाएवढी कोरी जागा नव्हती.

“छापखानेवाला बोलला, जागा उरलीय, फुलं टाकू,” बाळाराम म्हणाला. “भावोजी बोलले, फुलं नको, नावं टाक. सरांच्या कात्रीला जागा नाय ठेवायची.”

सरांनी दोन्ही बाजू मोठ्याने वाचल्या. तारखेला बाळारामने बोट वर केलं. ती ओळ पुन्हा वाचून घेतली. ‘निमंत्रक’ म्हणून सगळ्यात वर बाळारामचंच नाव होतं. शेवटी त्यांनी बाळारामला हात जोडले, आणि त्याने ते हात धरून खाली केले.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. बगळे उडावेत असा.

“झालं का वाचून?”

“झालं भावोजी! तारीख दोनदा घेतली!”

हिराशेठ आत आले. नजीरभाईंच्या चपला दारात काढल्या, आपल्या जागेवर बसले, खिशातून जिताडा काढून गड्डीत ठेवला आणि छताकडे तोंड केलं.

“वाटा. आज पाच जन हाव.”

बारशाला सर इतक्या सकाळी पोचले की मांडव बांधणाऱ्यांनी त्यांना एक दोरी धरायला दिली.

ह्यानंतर हिराशेठच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं, आणि तेव्हा एक चमत्कार घडला. पनवेलपासून उरणपर्यंत ज्यांना ज्यांना पत्रिका गेली, त्या सगळ्यांच्या पत्रिकेत शेवटचं एक पान पूर्ण कोरं निघालं. दोन्ही बाजूंनी. जाड, शुभ्र. हिराशेठचा फोन दिवसभर वाजत होता. शेठ, पान छापायचं राहिलंय, पत्रिका बदलून देता का? “नाय, नाय,” हिराशेठ प्रत्येकाला सांगत होते, “बरोबर हाय. त्ये सरांचं पान.”

“पण मग आमच्या पत्रिकेत कशाला?” मीही विचारलं.

“एकट्या सरांच्यात टाकलं असतं तं ती खून केलेली पत्रिका झाली असती,” हिराशेठ म्हणाले. “फसवनूक नको.”

सरांनी ती पत्रिका वाचली, हळदीला गेले, लग्नाला गेले, दोन्ही दिवस जेवले, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्या पानावर कात्री न लावता चित्र काढलं. रविवारी आम्हाला दाखवलं. पंगत बसली होती. ताटांची ओळ, त्यांत भात, वाफ, वाढणाऱ्याच्या हातातला डाव, आणि एका ताटात जिताड्याचं डोकं, असं की हात पुढे व्हावा. उजेड डावीकडून. आणि पंगतीत ओळीने पाच हेडमास्तर जेवत होते.

हिराशेठनी चष्मा पुसला. “ह्यातला मी कोनता?”

“जेवतोय तो,” सर म्हणाले.

“सगलेच जेवतात. आनि ह्ये डोकं कोनाच्या ताटात हाय?”

सरांनी त्या हेडमास्तरांवर अलगद बोट ठेवलं आणि बाळारामकडे बघितलं. बाळाराम उठला, चित्रावर वाकला, त्या खोल डोळ्यांकडे, त्या रजा नाकारणाऱ्या हनुवटीकडे त्याने नीट निरखून बघितलं.

“तोंड कोनाचं पन असू दे सर,” तो म्हणाला. “ताट माझं हाय.”